दुखवट्याच्या बैठकीतला नायक: 'इकिरू'ची ब्लू-रे आवृत्ती

जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांचा 'इकिरू' (१९५२) हा चित्रपट अमेरिकेतील क्रायटेरियन या कंपनीने २०१५ साली ब्लू-रेवर आणला. मरणावरच्या गोष्टी म्हणजे रुमाल हाती घेऊन बसण्याचा कार्यक्रम, अशा समजुतीने जे प्रेक्षक त्यांच्यापासून चार हात दूर राहतात, त्यांनी ही तबकडी आवर्जून मिळवावी असे माझे मत आहे. व्यवहाराची एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी. ब्लू-रे तबकड्यांसाठी जगाचे विभाग पाडलेले आहेत; ही तबकडी अमेरिकेच्या 'ए' विभागासाठी काढलेली आहे आणि भारत 'सी' विभागात मोडतो, त्यामुळे आपल्याकडच्या साध्या प्लेअरवर ती बहुधा चालणार नाही. सर्व विभागांच्या तबकड्या वाचणारा प्लेअर घरी असेल तरच पैसे खर्च करावेत. अमेरिकेतल्या मराठी घरांना ही अडचण नाही. संवाद अर्थातच जपानी आहेत आणि उपशीर्षके फक्त इंग्रजीत.

चित्रपटाची पहिली चौकट म्हणजे पोटाचा एक्स-रे. निवेदक कोरड्या आवाजात सांगतो की हे आपल्या नायकाचे जठर आहे, त्यात कॅन्सरची लक्षणे दिसत आहेत आणि त्याला स्वतःला अजून त्याचा पत्ता नाही. नायक कांजी वातानाबे हा नगरपालिकेच्या नागरिक विभागाचा प्रमुख आहे. जवळजवळ ३० वर्षे त्याने रजा घेतलेली नाही आणि त्या काळात शिक्के मारण्यापलीकडे काही केलेलेही नाही. कार्यालयाचे काम कसे सुधारावे याविषयी त्याने तरुणपणी लिहिलेला एक प्रस्ताव खणात पडून आहे. त्याचे पान फाडून तो शिक्क्यावरची शाई पुसतो. या एका कृतीत त्या माणसाचे सगळे सेवापुस्तक वाचून होते. निवेदक तर त्याला जिवंत मानायलाच तयार नाही.

त्याच सुमारास वस्तीतल्या काही बायका तक्रार घेऊन येतात. त्यांच्या दारात सांडपाण्याचे डबके साचलेले आहे, ते बुजवून तिथे मुलांना खेळायला जागा करून द्यावी, एवढीच त्यांची मागणी. त्यांना उद्यान विभागाकडे पाठवले जाते, तिथून आरोग्य, तिथून स्वच्छता, मग अग्निशमन, मग नगरसेवक, मग उपमहापौर, आणि अखेर ज्या खिडकीपासून त्या निघाल्या होत्या तीच खिडकी. एक चेहरा पुसला जाऊन दुसरा चेहरा समोर येतो, प्रत्येकाच्या ओठांवर अदबीचे हसू आणि बोट पुढच्या टेबलाकडे. ज्याने आपल्याकडे सात-बाऱ्यावरची एखादी नोंद दुरुस्त करून घेतली आहे, त्याला या दोन-तीन मिनिटांसाठी उपशीर्षकांची गरज पडणार नाही.

डॉक्टर वातानाबेला खरे सांगत नाहीत. साधा अल्सर आहे, हवे ते खा, असे म्हणतात. पण बाहेर बाकावर बसलेल्या एका बडबड्या रुग्णाने त्याला आधीच सांगून ठेवलेले असते की पोटाचा कॅन्सर असला की डॉक्टर नेमके हेच शब्द वापरतात. आत गेल्यावर तेच शब्द एकामागून एक कानांवर पडतात आणि वातानाबेच्या हातातला कोट गळून पडतो. रुग्णापासून रोग लपवण्याची ही रीत त्या काळच्या जपानमध्ये सर्रास होती आणि आपल्या घरांतूनही ती पूर्णपणे गेलेली नाही; 'त्यांना काही सांगू नका' हे वाक्य इस्पितळाच्या व्हरांड्यात आजही दबक्या आवाजात ऐकू येते. कुरोसावा या रीतीवर भाषण देत नाहीत. ते फक्त दाखवतात की खोटे ऐकलेल्या माणसाजवळ खरे बोलण्यासाठी कोणीच उरत नाही, मुलगाही नाही. मुलगा आणि सून त्याच्या निवृत्तिवेतनाचा हिशेब करत असताना तो अंधाऱ्या खोलीत बसून त्यांचे बोलणे ऐकतो.

यानंतरचा भाग मला थोडा लांबलेला वाटतो. एक कादंबरीकार वातानाबेला शहरातली रात्र दाखवतो, दारू, नाच, गर्दी, आणि या सगळ्यातून हाती काही लागत नाही हे प्रेक्षकाच्या लक्षात दिग्दर्शकाच्या बरेच आधी येते. तरीही १९१५ सालचे एक जुने गाणे वातानाबे डोळे भरून, ओठ जेमतेम हलवत म्हणतो आणि भोवतालची नाचणारी माणसे दूर सरकतात, तो प्रसंग कापावा असे कोणीही म्हणणार नाही. ताकाशी शिमुरा हा नट तेव्हा अवघा ४७ वर्षांचा होता आणि दोनच वर्षांनी कुरोसावांच्याच 'सेव्हन सामुराई'मध्ये त्याने सामुरायांचा खंबीर म्होरक्या उभा केला. इथे मात्र पाठीचा कणा काढून घेतल्यासारखा तो वावरतो.

त्याच्याच कार्यालयातली नोकरी सोडून खेळण्यांच्या कारखान्यात गेलेली तोयो ही मुलगी त्याला भेटते आणि तिच्या उत्साहाचे रहस्य काय, असे तो तिला जवळजवळ भीक मागितल्यासारखे विचारतो. तिच्याजवळ तत्त्वज्ञान नाही. आपण चावीवर चालणारे ससे बनवतो आणि ते बनवताना जपानमधल्या प्रत्येक बाळाशी ओळख झाल्यासारखी वाटते, इतकेच ती सांगते. त्यावरून वातानाबेला ते डबके आठवते. तो जिन्याने धावत खाली उतरतो त्याच वेळी त्या उपाहारगृहात जमलेले तरुण भलत्याच मुलीसाठी वाढदिवसाचे गाणे म्हणत असतात. या योगायोगाला कोणी भडक म्हणेल. मला तो पटला.

आणि मग चित्रपट जे करतो, त्यासाठी ही तबकडी घ्यावी. आता नायक झटून कामाला लागणार, अशी आपली तयारी झालेली असते तोच निवेदक सांगतो की पाच महिन्यांनी तो वारला. १४३ मिनिटांपैकी शेवटची साधारण ५० मिनिटे त्याच्या तसबिरीसमोर भरलेल्या दुखवट्याच्या बैठकीत जातात. बाग झालेली आहे आणि तिचे श्रेय उपमहापौरांनी घेतलेले आहे. साके पीत बसलेले सहकारी मेलेल्या साहेबाची जणू खातेनिहाय चौकशीच चालवतात: बाग कोणी केली, त्याला आपला रोग ठाऊक होता का, की निवडणूक जवळ आल्यामुळे सगळे आपोआप घडले? प्रत्येकाला एखादा तुकडा आठवतो. कोणाला तो वरिष्ठांच्या दारात खाली मान घालून ताटकळत बसलेला आठवतो. कोणाला आठवते की अपमान झाल्यावरही त्याने, माणसांवर रागावण्याएवढा वेळ आपल्याजवळ नाही, असे म्हटले होते. गुंड त्याला जिवाची पर्वा नाही का असे धमकावतात, तेव्हा तो केवळ हसतो. वस्तीतल्या बायका येऊन उदबत्ती लावतात, रडतात, आणि खोलीतल्या साहेबलोकांना कुठे पाहावे हे कळेनासे होते.

मृत्यूच्या बहुतेक कथांमध्ये मरणारा माणूस जाता जाता आपल्याला काहीतरी समजावून जातो. हृषीकेश मुखर्जींच्या 'आनंद'मधला (१९७१) रुग्ण मुंबईत येतो तोच आपले दिवस मोजलेले आहेत हे जाणून, आणि भेटेल त्याला आपलेसे करून टाकतो. तो चित्रपट मलाही प्रिय आहे, पण त्यात मरणाऱ्याची वाणी इतकी गोड आहे की तिच्यापुढे मरणच थोडे संकोचते. वातानाबेला धड वाक्य पुरे करता येत नाही. त्याच्या आयुष्याचे मोल ठरवण्याचे काम पटकथेने अर्धवट माहिती असलेल्या, थोड्या लाजलेल्या आणि बऱ्यापैकी प्यायलेल्या साक्षीदारांवर सोपवले आहे. ते गहिवरून शपथ घेतात की उद्यापासून आपणही असेच काम करू. दुसऱ्या दिवशी कार्यालयात नवा प्रमुख जुन्याच पद्धतीने तक्रारदारांना दुसऱ्या खात्याकडे धाडतो. एकटा किमुरा नावाचा कारकून ताडकन उठून उभा राहतो, आणि काही न बोलता पुन्हा खाली बसतो, इतका खाली की कागदांच्या ढिगाऱ्यामागे दिसेनासा होतो. आशा आहे, पण ती बागेत आहे, माणसांच्या सुधारण्यात नाही, इतके कडक उत्तर देणारी कथा मी दुसरी पाहिलेली नाही.

२०२२ साली ऑलिव्हर हर्मानस यांनी याच कथेवर 'लिव्हिंग' हा इंग्रजी चित्रपट केला. पटकथा काझुओ इशिगुरो यांची, मुख्य भूमिका बिल नाय यांची, आणि स्थळकाळ १९५३ चे लंडन. तो १०२ मिनिटांत आटोपतो, देखणा आहे, आणि ज्यांच्याजवळ वेळ कमी आहे त्यांनी तो जरूर पाहावा. पण त्यातला नायक तरुण सहकाऱ्यासाठी एक पत्र मागे ठेवतो आणि त्या पत्रात त्याला काय उमगले ते स्वच्छ सांगितलेले आहे. कुरोसावांनी असे पत्र ठेवले नाही, हेच मला अधिक धीटपणाचे वाटते.

तबकडीविषयी थोडे. चित्र ४के, म्हणजे अतिशय बारीक तपशील टिपणाऱ्या, डिजिटल प्रतीवरून नव्याने दुरुस्त केलेले आहे. बागेत बर्फ पडत असतानाचा वातानाबेचा प्रसंग आणि तसबिरीभोवतालचा काळोख यांत करड्या रंगाच्या छटा वेगवेगळ्या ओळखू येतात. मूळ चौकोनी चौकट तशीच ठेवली आहे. आवाज एकाच वाहिनीचा आहे आणि जुन्या फितीची किंचित खरखर जाणवते, मात्र वातानाबेचा घोगरा स्वर इतका हळू आहे की रात्री पंखा बंद करून ऐकावा. पुरवण्यांमध्ये अभ्यासक स्टीफन प्रिन्स यांचे पूर्ण लांबीचे भाष्य आहे. दुसऱ्यांदा पाहताना ते लावावे, पहिल्यांदा मुळीच नको. चित्रपटाच्या निर्मितीवरचा माहितीपट लहान आणि कामाचा आहे, तर कुरोसावांच्या मुलाखतींवर बेतलेला 'अ मेसेज फ्रॉम अकिरा कुरोसावा' हा सुमारे दीड तासाचा माहितीपट मला पसरट वाटला. सोबतच्या पुस्तिकेत पिको अय्यर यांचा लेख आणि समीक्षक डोनाल्ड रिची यांच्या कुरोसावांवरील १९६५ च्या पुस्तकातला उतारा आहे. रिची आधी वाचावेत.

घरात सध्या कोणाचे उपचार चालू असतील, तर पहिला अर्धा भाग जड जाईल, विशेषतः दवाखान्याचा प्रसंग, याची कल्पना असू द्यावी. एकदाच पाहायचा असेल तर तबकडीची छापील किंमत, म्हणजे ३९.९५ डॉलर, आणि वर टपालाचा खर्च मला जास्त वाटतो. एखाद्या फिल्म सोसायटीचा खेळ लागेल तेव्हा तो पाहावा. पण दुखवट्याची बैठक दुसऱ्यांदा पाहताना, पहिल्या खेपेला केवळ गर्दी म्हणून दिसलेल्या प्रत्येक कारकुनाचा चेहरा वेगळा वाचता येतो, आणि तेवढ्यासाठी तबकडी घरात असणे मला परवडते.