रोख की यूपीआय? बुधवारच्या बाजारातला हिशेब

नोटा छापतात आमच्या नाशिकरोडला आणि सुट्ट्यांची बोंब गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात! मेथीची जुडी वीसची, माझ्या हातात पाचशेची नोट. मावशी वैतागल्या, "सकाळी सकाळी कुठून आणू सुट्टे? स्कॅन कर ना बाळा." केलं. २०१६ साली आलेल्या यूपीआयची ही सोय कोण नाकारेल? वर ग्राहकाला शुल्कही नाही.

पण महागाईत मला रोखच सावरते. पाकिटात मोजके पाचशे असले की कोथिंबिरीलाही घासाघीस होते. फोनवरून जाणारा पैसा दुखत नाही. महिनाअखेरीस स्टेटमेंट उघडलं तर निम्म्या ओळी मिसळ आणि चहाच्या. (हा हिशेब आयता मिळतो, हेही खरं. रोखीतली शंभराची नोट कुठे गेली, देव जाणे.)

खासगीपणात तर तुलनाच नको. नोट कुणाला काही सांगत नाही. यूपीआयची नोंद बँकेकडे राहते, अ‍ॅपकडे राहते, समोरच्यालाही आपलं नाव दिसतं. २०२३ साली वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला खरा, तरी औषधं मी रोखीनेच आणतो. भाजीला मात्र स्कॅन. मावशींशी कोण वाद घालणार?