नोकरीच्या फॉर्ममध्ये जुनी केस लिहायची असेल तर चिपळूणच्या या दुकानात जा

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते खाली लिहिलंय.

कोर्टाजवळ झेरॉक्स, टायपिंग आणि ऑनलाइन फॉर्म भरून देणारं हे छोटं दुकान आहे. डोमिसाईल, पॅनकार्ड वगैरे कुठेही होतं, त्यासाठी इथवर यायची गरज नाही. मी लिहितोय ते वेगळ्या कामासाठी.

भाच्याला लोट्याच्या एका कंपनीत ड्रायव्हरची नोकरी मिळत होती. फॉर्मवर दोन प्रश्न होते, एक, तुमच्यावर गुन्हा प्रलंबित आहे का, आणि दुसरा, न्यायालयाने कधी शिक्षा केली आहे का. आता २०१६ च्या शिमग्यात पालखीच्या मानपानावरनं आमच्या दोन वाड्यांत मारामारी झालेली, त्यात याचं पण नाव होतं, वय १९. कोर्टात गुन्हा कबूल केलान, दंड भरलान, सुटला. दंड भरला म्हणजे मिटलं, असंच गावात सगळे सांगतात. आधी एका दुसऱ्या सेंटरला गेलेलो तर तिथल्या पोराने काही न विचारता सगळ्या रकान्यांत 'नाही' टाकून प्रिंट हातात दिलीन. मला ते पटलं नाही म्हणून इथे आलो.

इथल्या ताईंनी पहिलं काय केलं तर स्क्रीन आमच्याकडे फिरवली आणि दोन्ही प्रश्न बोट ठेवून मोठ्याने वाचले. मग भाच्याला विचारलं, "दंड कोर्टानेच केला ना रे? मग ती शिक्षाच झाली." बाजूला बसणारे वकील आहेत त्यांनी नीट समजावलं, भादंविच्या, म्हणजे जुन्या भारतीय दंड विधानाच्या, कलम ५३ मध्ये शिक्षांचे जे प्रकार दिलेत त्यात दंड पण आहे, त्यामुळे तुरुंगात एक दिवस काढला नसला तरी दोषी ठरलाच. त्या वेळी समोरच्या पार्टीशी कोर्टात रीतसर तडजोड झाली असती तर याच्यावर लागलेल्या ३२३ सारख्या, म्हणजे साध्या मारहाणीच्या, कलमात ते निर्दोष सुटल्यासारखं धरलं गेलं असतं, पण आम्हाला तेव्हा कुणी हे सांगितलंच नाही, लवकर सुटायचं म्हणून कबूल करून टाकलंन पोराने. आणि १८ च्या आत असता तर बालन्याय कायद्याचं संरक्षण मिळालं असतं, ते पण नाही. किती वर्षं झाली म्हणून रेकॉर्ड आपोआप पुसलं जात नाही आपल्याकडे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र 'नाही', कारण केस संपलेली आहे. जेवढं विचारलंय तेवढंच आणि खरं लिहायचं, हे त्यांनी परत परत सांगितलं.

निकालाचे कागद आमच्याकडे नव्हते, बहिणीच्या चिपळूणच्या खोलीत होते ते जुलै २०२१ च्या पुरात गेले. ताईंनी ई-कोर्टच्या साईटवर नाव आणि वर्ष टाकून केस शोधून काढली, नंबर लिहून दिला, आणि सही-शिक्क्याच्या नकलेचा अर्ज तिथेच टाईप करून दिला. नक्कल मिळायला थोडा वेळ जातो, तेव्हा शेवटच्या तारखेला धावत जाऊ नका.

मग मजकूर. तो मी इथे तसाच देतो, कुणाला तरी उपयोग होईल : "सन २०१६ मध्ये गावातील सणाच्या वेळी झालेल्या भांडणाच्या केसमध्ये मला भा.दं.वि. कलम ३२३ खाली न्यायालयाने दंडाची शिक्षा केली. दंड भरलेला आहे. त्यानंतर माझ्यावर कोणताही गुन्हा दाखल नाही. निकालाची नक्कल सोबत जोडली आहे." बस. भाच्याला "त्यांनीच आधी मारलं" असं घालायचं होतं, तर ताई म्हणाल्या, कोर्टात कबूल केलंस ते आता कंपनीला उलटं सांगू नको, त्यांना वाटेल हा अजून भांडतोय. १ जुलै २०२४ पासून भादंविच्या जागी नवीन न्याय संहिता आली, त्यात हे कलम ११५ मध्ये गेलंय, पण निकालावर जे कलम आहे तेच लिहायचं, हे पण त्यांनीच लक्षात आणून दिलं.

खोटी आशा कुणी दाखवली नाही हे मला सगळ्यात आवडलं. वकिलांनी सुप्रीम कोर्टाचा २०१६ चा अवतार सिंग केसचा निकाल सांगितला, तो सरकारी नोकरीच्या पडताळणीबद्दल आहे पण समजून घेण्यासारखा आहे. माहिती खरी द्यायची, लपवायची नाही, किरकोळ गुन्हा असेल तर मालक सोडून देऊ शकतो, पण तुम्ही खरं सांगितलंत म्हणून त्याने घेतलंच पाहिजे असं नाही. म्हणजे खरं लिहून पण नोकरी जाऊ शकते, हे पोराला तोंडावर सांगितलं त्यांनी. तरी त्याने लिहिलंन. कंपनीतल्या साहेबांनी नक्कल वाचली, दारू पिऊन झालेलं का, गाडीचा काही गुन्हा आहे का एवढं विचारलं, आणि घेतलं. आता पोलीस पडताळणीत काय निघेल म्हणून त्याला रात्री जागावं लागत नाही, कारण जे निघेल ते आधीच कागदावर आहे. लपवून लागला असता तर दोन वर्षांनी पण काढू शकले असते, आणि मग कारण खोटं बोलल्याचं झालं असतं.

टायपिंगचे पैसे रेग्युलर रेटनेच घेतले, सल्ल्याचे वेगळे काही नाही.

आता तक्रार. दुकान इतकं लहान आहे की मागे झेरॉक्सला उभी असलेली माणसं सगळं ऐकतात. भाचा केसबद्दल बोलताना दोनदा गप्प झाला कारण मागे आमच्याच बाजूच्या गावचे गृहस्थ उभे होते, आणि आपल्याकडे अशी गोष्ट संध्याकाळच्या एसटीने माणसाच्या आधी घरी पोचते. ताई, तुमच्या मागच्या खोलीत पेपरचे गठ्ठे ठेवलेत तिथे दोन खुर्च्या टाकल्यात तरी पुष्कळ होईल, असं बोलायला येणारी माणसं आधीच घाबरलेली असतात.

कोर्ट चालू व्हायच्या वेळेला भयंकर गर्दी असते, दुपारी तीननंतर जा. आधार, जुन्या केसचा नंबर किंवा निदान वर्ष, आणि फॉर्मची सगळी पानं न्या, फक्त शेवटचं सहीचं पान नको.