आवाज आला, चित्र नाही: गेम बॉय अ‍ॅडव्हान्सच्या आयपीएस किटचा अनुभव

गेम बॉय अ‍ॅडव्हान्स या हातात धरून खेळायच्या कन्सोलला नवा आयपीएस पडदा (तिरकं पाहिलं तरी रंग न बदलणारा) बसवायच्या या किटला पाचपैकी चार तारे. पडदा पूर्ण पाच ताऱ्यांचा आहे, एक तारा मी सोबतच्या माहितीपत्रकासाठी कापलाय. जोडणी झाल्यावर पडदा कोराच राहिला तर काय तपासायचं, यावर त्यात एक ओळ नाही. माझे तीन दिवस त्यात गेले, म्हणून ते सगळं इथे लिहितोय.

माझा कन्सोल पहिला गेम बॉय अ‍ॅडव्हान्स, २००१ साली आला तो. त्याच्या मूळ पडद्याला स्वतःचा उजेड नाही. लहानपणी मी आणि दादा खिडकीकडे पाठ करून बसायचो आणि कन्सोल तिरका धरायचो. ढग आला की खेळ थांबायचा. तो अजून ठणठणीत चालतो, म्हणून त्यालाच मागून उजेड असलेला पडदा बसवायचं ठरवलं.

किटमध्ये पॅनेल, त्याला जोडलेला छोटा बोर्ड, दोन रिबन केबल आणि तीन बारीक तारा येतात. केबल दोन असण्याचं कारण असं की या कन्सोलचे मदरबोर्ड दोन प्रकारचे निघाले: पडद्याच्या कनेक्टरला कुठे ४० पिना, कुठे ३२. कन्सोल उघडून पिना मोजायच्या आणि जुळणारी केबल घ्यायची. माझा ४० पिनांचा निघाला. तीन तारा एल, आर आणि सिलेक्ट या बटणांच्या टेस्ट पॉइंटवर (मदरबोर्डवरचे धातूचे छोटे ठिपके) सोल्डर करायच्या, म्हणजे बटणांनीच उजेड कमीजास्त करता येतो. सोल्डरिंग एवढंच. टेस्ट पॉइंट अगदी लहान असतात, त्यामुळे मी फ्लक्स, म्हणजे सोल्डर नीट धरावं म्हणून लावायचा चिकट पदार्थ, सढळ हाताने लावला. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचाच संबंध येतो.

सेल घातले, बटण सरकवलं. हिरवा दिवा लागला, सुरू होतानाचा ओळखीचा आवाज आला आणि पडदा काळाठिक्कर.

पहिला संशय सोल्डरिंगवर गेला. भिंगाखाली तिन्ही सांधे पाहिले, मल्टिमीटर बीपवर (दोन जागा जोडलेल्या असल्या की वाजतो) ठेवून शेजारच्या पॉइंटशी कुठे शॉर्ट आहे का ते तपासलं, मग तिन्ही तारा काढूनच टाकल्या. फरक शून्य. शांतपणे विचार केला असता तर इथे संध्याकाळ वाया गेली नसती. या तारा फक्त बटणांचा इशारा पडद्याच्या बोर्डाला देतात. त्या जोडल्या नाहीत तरी चित्र यायलाच हवं.

मग वीज. खेळाचं काडतूस (कार्ट्रिज) न घालताही हा कन्सोल आपला लोगो दाखवतो आणि आवाज करतो, म्हणून काडतूस बाजूला ठेवलं, संशयित एक कमी झाला. नव्या दोन सेलचे ३ व्होल्ट स्विचच्या पलीकडेही जवळपास तेवढेच मिळत होते. तुमचा दिवा सुरू करताच लाल होत असेल तर मात्र आधी स्विच आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करा. नवा पडदा जुन्यापेक्षा जास्त करंट ओढतो आणि वीस वर्षांच्या मळकट स्विचमध्ये व्होल्टेज पडतं. दिवाच लागत नसेल तर सेलजवळचा फ्यूज बीपवर तपासा. माझ्याकडे दिवा हिरवा आणि आवाज खणखणीत, म्हणजे प्रोसेसर जागा होता. प्रश्न फक्त चित्राच्या वाटेवर होता.

दुसऱ्या दिवशी खोलीत पूर्ण अंधार केला. पडदा काळा दिसत होता, पण कडेला मंद राखाडी उजेड होता. पॅनेलला वीज पोचतेय, चित्राचे सिग्नल पोचत नाहीत, हे त्या उजेडाने सांगितलं. तोही नसता तर मी पॅनेलच्या वीजपुरवठ्याकडे वळलो असतो.

केबल तीनदा काढून बसवली. कनेक्टरच्या दोन्ही बाजूंच्या कुलपाच्या पट्ट्या सारख्या बाहेर ओढायच्या, केबल सरळ आत सरकवायची, मग दोन्ही पट्ट्या एकदम दाबायच्या. एक बाजू केसभर वर राहिली तरी चित्र येत नाही. माझी सरळ होती, तरी चित्र नाही. शेवटी मूळ पडदा परत लावला. तोही कोरा.

त्या क्षणी पोटात गोळा आला. आम्हा दोघांचा कन्सोल मीच मारला असं वाटलं. पण या चाचणीनेच उत्तर जवळ आणलं: दोष किटमध्ये नाही, मदरबोर्डवर आहे, आणि आदल्या दिवशीपर्यंत हाच पडदा इथेच चालत होता. मधे झालं होतं फक्त माझं सोल्डरिंग. टॉर्च धरून कनेक्टरच्या आत पाहिलं तर पिनांवर पिवळसर, चिकट थर. तापलेला फ्लक्स वितळून आत ओघळला होता आणि सुकल्यावर पिना आणि केबल यांच्या मधे बसला होता. मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने चार वेळा धुतलं, रात्रभर वाळू दिलं. सकाळी लोगो आला. मी दादाला फोन करून नुसता तो आवाज ऐकवला. त्याने विचारलं, "दिसतंय पण?" दिसत होतं.

गोष्ट इथे संपली नाही. कवच बंद करून स्क्रू आवळले आणि चित्र पुन्हा गेलं. स्क्रू सैल केले की परत यायचं. म्हणजे दाब पडल्यावर काहीतरी टेकत होतं. पडद्याच्या बोर्डावरचे उघडे सांधे मदरबोर्डला चिकटत होते. मधे कॅप्टॉन टेपचा (वीज न वाहू देणारी पातळ टेप) एक थर दिला, जुन्या कवचातली आड येणारी प्लास्टिकची कड कापली, आणि मग कितीही आवळलं तरी चित्र टिकलं. ही टेप पाकिटात असायला हवी होती.

आता पडद्याबद्दल. मूळ चित्र २४० बाय १६० पिक्सेलचं, आणि नवं पॅनेल प्रत्येक पिक्सेलच्या जागी ३ बाय ३ चा चौकोन दाखवतं, त्यामुळे कडा कोरीव दिसतात, कुठेही पुसट नाहीत. रंग जुन्यापेक्षा गडद. त्या काळचे खेळ अंधाऱ्या पडद्यासाठी मुद्दाम भडक रंगवलेले असायचे, ते सगळ्यात जास्त उजेडावर डोळ्यांना टोचतात. मी मधल्या पायरीवर ठेवतो, सेलही जास्त टिकतात. तिरकं पाहिलं तरी रंग बदलत नाहीत, त्यामुळे शेजारी बसलेल्यालाही खेळ दिसतो. आम्हा दोघांना तेव्हा हेच हवं होतं.

घ्या, जरूर घ्या. फ्लक्स टोकाने टेकवण्याइतकाच लावा, सोल्डरिंगच्या वेळी कनेक्टरवर टेप लावून झाका, आणि चित्र दिसल्याशिवाय कवच बंद करू नका. जुना पडदा टाकू नका, तपासायला त्याच्यासारखं साधन नाही. माझ्याकडची ३२ पिनांची केबल अजून पाकिटातच आहे. दादाच्या मुलीला एक जुना कन्सोल मिळालाय, रविवारी तो उघडून पिना मोजणार आहोत.