डावखुऱ्यांच्या हातात: डिजिटल व्हर्निअर, क्लॅम्प मीटर आणि मोबाइल

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, कुठल्याही एमआयडीसीत जा. क्वालिटीच्या टेबलावर जे डिजिटल व्हर्निअर (पार्ट जबड्यांत धरला की त्याचं माप पडद्यावर दाखवणारं अवजार) पडलेलं असतं ते उजव्या हातासाठी बांधलेलं असतं. त्यावर तसं लिहिलेलं नसतं, म्हणून आयटीआय करून नव्याने लागलेल्या डावखुऱ्या पोराला वाटतं की आपलाच हात अजून बसला नाही. वर्षभराने बसेल, असं सुपरवायझरही सांगतो. पण इथे सरावाचा प्रश्नच नाही. जबडे, पडदा आणि अंगठ्याची चकती या तिन्ही जागा दुसऱ्या हाताचा विचार करून ठरवल्या आहेत. मोबाइलमधली अशी अडचण बरीचशी सेटिंगमध्ये मिटते. मोजमापाच्या अवजारात मात्र ती धातूतच असते, तिथे वस्तू पारखून घेण्याला पर्याय नाही.

१५० मिमी लांबीचं, ०.०१ मिमीपर्यंत दाखवणारं नेहमीचं व्हर्निअर बघू. उजव्या हातात धरलं की जबडे डावीकडे येतात, दांडा तळहाताखालून उजवीकडे जातो, अंगठा बरोबर खालच्या चकतीवर पडतो आणि आकडे सुलटे दिसतात. तेच डाव्या हातात धरायचं तर दोन मार्ग आहेत. एक तर ते टेबलावर फिरवतो तसं अर्धा फेरा फिरवायचं, म्हणजे मोठे जबडे वर तोंड करतात आणि आकडे उलटे होतात. नाहीतर त्याची पाठ आपल्याकडे करायची, म्हणजे जबडे खाली राहतात पण पडदा समोरच्या माणसाला दिसतो.

उलटा पडदा वाचायची सवय होते, असं म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट तपासावी. पडद्यावरचे इंग्रजी आकडे सात रेघांचे असतात. उलटे केल्यावर ०, १, २, ५, ८ जसेच्या तसे वाचता येतात, ६ चा ९ होतो आणि ९ चा ६. त्यात आकड्यांचा क्रमही उलटतो. त्यामुळे १८.६१ मिमीची शाफ्ट उलट्या पडद्यावर सरळ १९.८१ वाचली जाते, आणि हा आकडा तितकाच खरा वाटतो. फरक ओळखायची खूण म्हणजे दशांशाचा ठिपका. तो आकड्यांच्या पायाशी न दिसता माथ्याशी दिसतो. तेलकट हाताने, शिफ्ट संपता संपता शंभरावा पार्ट मोजणाऱ्याने त्या ठिपक्यावर भरवसा ठेवू नये.

पाठ फिरवून धरणाऱ्याची चूक वेगळ्या जागी होते. तो माप घेतो, व्हर्निअर पार्टवरून काढतो, फिरवतो आणि मग वाचतो. एवढ्यात सरकता जबडा हललेला असतो. यावर उपाय म्हणजे वरचा लॉक स्क्रू पार्टवरच आवळायचा आणि मग व्हर्निअर काढायचं. स्क्रू आवळतानाही आकडा सरकू शकतो, म्हणून आधी स्लिप गेजवर (अचूक ठरलेल्या मापाच्या ठोकळ्यावर) एकदा आवळून बघा. आकडा बदलत असेल तर स्क्रू हलका फिरवायची सवय करा. आकडा पडद्यावर थांबवून ठेवणारं होल्डचं बटण असेल तर काम आणखी सोपं, पण ते प्रत्येक मॉडेलला नसतं. जिथे मापं कॉम्प्युटरवर घ्यायची असतात तिथे डेटा केबल आणि पायाने दाबायचा स्विच लावावा. मग पडदा कुणीकडेही असला तरी बिघडत नाही. डावखुऱ्या इन्स्पेक्टरसाठी कंपनीने करावा असा हा सगळ्यात चांगला खर्च आहे.

डाव्या अंगठ्याने चकती आडवीतिडवी ओढली जाते तेव्हा सरकत्या भागावर वाकडा दाब येतो आणि तो किंचित कलतो. व्हर्निअरमध्ये मोजपट्टी आणि पार्ट एका रेषेत नसतात, त्यामुळे हा कल जबड्याच्या टोकाशी सगळ्यात जास्त जाणवतो. पार्ट दांड्याच्या जितका जवळ धरता येईल तितका धरा. भोकाची खोली मोजताना मात्र व्हर्निअर उभं असतं आणि आकडे दोन्ही हातांना आडवेच दिसतात, तिथे डावखुऱ्याचं काहीच अडत नाही.

मग रोजच्या कामाला काय करावं? सहनसीमा (मापात चालणारा फरक) ०.१ मिमी किंवा त्याहून सैल असेल तर व्हर्निअर उजव्या हातात आणि पार्ट डाव्या हातात, ही पद्धत पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. पार्ट सरळ बसवण्याचं नाजूक काम आपोआप चांगल्या हाताकडे जातं. दिवसभर त्याहून बारीक मापं घ्यायची असतील तर डावखुऱ्यांसाठी उलट बांधणीचं व्हर्निअर मागवावं. ते मिळतं, पण दुकानाच्या काउंटरवर सहसा नसतं, ऑर्डर द्यावी लागते आणि नेहमीच्यापेक्षा महाग पडतं. हातात आल्यावर जबडे उजवीकडे असताना आकडे सुलटे दिसतात ना, आणि लॉक स्क्रू डाव्या हाताला सापडतो ना, हे आधी बघा. कूलंटच्या (मशीनवर सोडायच्या थंडाव्याच्या पाण्याच्या) ठिकाणी वापरायचं असेल तर आयपी ६७ दर्जाचंच, म्हणजे धूळ आणि पाणी आत न जाणारं घ्या. त्यावर वेगळ्या रंगाची पट्टी लावा आणि कॅलिब्रेशनच्या रजिस्टरमध्ये ‘डावं’ अशी नोंद करा. नाहीतर दुसऱ्या शिफ्टचा उजवा माणूस तेच उचलतो आणि १८.६१ चा घोळ आता त्याच्या हातून होतो.

डिजिटल मायक्रोमीटरचं दुखणं हेच, पण उपाय स्वस्त आहे. त्याला स्टँडमध्ये बसवा, डाव्या हाताने पार्ट ठेवा, उजव्याने रॅचेट (ठरावीक दाब आला की नुसती फिरणारी टोकाची कळ) फिरवा. दाब रॅचेट ठरवतो, त्यामुळे कमी सरावाच्या हाताने फिरवलं तरी माप बिघडत नाही.

क्लॅम्प मीटरकडे (तारेभोवती जबडा अडकवून करंट मोजणाऱ्या मीटरकडे) वळू, कारण मराठवाड्यात ते कारखान्यापेक्षा शेतावरच्या स्टार्टरपेटीसमोर जास्त दिसतं. बहुतेक मॉडेलमध्ये जबडा उघडायचा ट्रिगर डाव्या कडेला असतो, म्हणजे उजव्या हाताच्या अंगठ्याखाली. डाव्या हातात मीटर घेतलं की अंगठा मोकळ्या कडेवर पडतो आणि ट्रिगर बोटांनी दाबावा लागतो. बोटांनी जोर नीट लागत नाही, म्हणून बोटं नकळत वर सरकतात आणि मीटरवरची उंच कड ओलांडतात. ती कड बोटं अडवण्यासाठीच दिलेली असते, तिच्यापलीकडे चालू तारेजवळ बोट जाता कामा नये. म्हणून ट्रिगर हलका आणि लांब असलेलं मॉडेल घ्या. दुकानात डाव्या हाताच्या नुसत्या पहिल्या दोन बोटांनी जबडा पूर्ण उघडतो का ते बघा. उघडत नसेल तर ते मीटर तुमचं नाही.

होल्डच्या बटणाचीही अशीच परीक्षा घ्या. पेटीत हात घालून, पडदा न दिसता माप घ्यायची वेळ येते तेव्हा त्याच हाताने होल्ड दाबता यायला हवं. ५ एचपीच्या थ्री फेज मोटारीला पूर्ण भारावर साधारण साडेसात अँपिअर लागतात. व्होल्टेज पडलं की अँपिअर चढतात, आणि नेमकं तेव्हाच वायरमनला घाईत माप घ्यावं लागतं. जबड्यात एकच तार घ्यायची, तिन्ही घेतल्या तर मीटर जवळपास शून्य दाखवतं. मधला गोल नॉब दोन्ही हातांना सारखाच, त्याबद्दल तक्रार नाही.

कॅल्क्युलेटर ही डावखुऱ्यांची फायद्याची जागा आहे. डाव्या हातात पेन आणि उजव्या हाताखाली बेरजेची, बरोबरची बटणं, असं दोन्ही काम एकदम चालतं. मोंढ्यात पट्टी लिहिणाऱ्या उजव्या मुनिमाला मात्र दर वेळी पेन बाजूला करावं लागतं. कार्ड मशीनमध्येही पूर्वी उजव्या कडेच्या खाचेतून कार्ड ओढताना हात अडायचा. चिप आणि टॅप आल्यापासून तो प्रश्न उरला नाही.

आता मोबाइल. पॉवर आणि आवाजाची बटणं दोन्ही उजव्या कडेला असलेला फोन डाव्या हातात घट्ट धरला की बोटं दोन्हींवर एकदम दाबली जातात आणि नको तेव्हा स्क्रीनशॉट निघतो. पॉवर आणि आवाजाच्या बटणांत निदान एका बोटाचं अंतर असलेलं मॉडेल निवडा. बोटाचा ठसा पॉवर बटणावर असेल तर डाव्या हाताचं पहिलं आणि मधलं बोट नोंदवा. नोंदवताना फोन टेबलावर ठेवू नका, रोज धरता तसाच हातात धरा, कारण बटणावर बोटाचं टोक नाही, कड टेकते.

मागचा कॅमेरा कोपऱ्यात असेल तर डाव्या हाताचं पहिलं बोट नेमकं भिंगाजवळ येतं. शेतात ई-पीक पाहणीसाठी उजव्या हाताने कापसाची फांदी धरून डाव्याने फोटो काढणाऱ्याचे फोटो धूसर येतात ते बहुधा याच बोटाच्या डागामुळे. भिंग पुसा, आणि फोनच्या कॅमेऱ्यात पडद्यावरचं गोल बटण शोधण्यापेक्षा आवाजाचं बटण दाबून फोटो घ्या. ते डाव्या बोटांखालीच असतं. सॅमसंगमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगमधून फ्लोटिंग शटर चालू केलं की फोटोचं बटण पडद्यावर हवं तिथे ओढून ठेवता येतं.

मराठी टाइप करण्यासाठी जीबोर्ड (गूगलचा कळफलक) असेल तर सेटिंगमधल्या प्रेफरन्सेसमध्ये वन हँडेड मोड डाव्या बाजूला करा, कळफलक अंगठ्याकडे सरकतो. आयफोनवर कळफलकातलं पृथ्वीचं चिन्ह दाबून धरलं की डावीकडचा कळफलक निवडता येतो. तीन बटणांचं नेव्हिगेशन वापरत असाल तर सॅमसंगमध्ये मागे जाण्याचं बटण मुळात उजवीकडे असतं, डिस्प्लेमधल्या नेव्हिगेशन बारमध्ये जाऊन क्रम उलटा करा. त्यापेक्षा अँड्रॉइड १० पासून आलेली कडेवरून बोट ओढण्याची पद्धत बरी, ती दोन्ही कडांनी चालते.

राहतं ते उजव्या खालच्या कोपऱ्यातलं गोल बटण, नवी चॅट किंवा नवा मेल सुरू करण्याचं. ते हलवायची सोय ही ॲप देत नाहीत. अँड्रॉइडमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारून डेव्हलपर ऑप्शन उघडतात, त्यात ‘फोर्स आरटीएल लेआउट’ आहे. उर्दू किंवा अरबीसाठी असलेली ही सोय पडद्याची मांडणी उलटी करते, आणि ते गोल बटण डाव्या अंगठ्याखाली येतं. काही ॲपमध्ये बाण आणि पट्ट्या विचित्र दिसतात, तेवढं चालवून घेता येतं. अडचण वेगळीच आहे: डेव्हलपर ऑप्शन चालू असेल तर काही बँकांची ॲप उघडतच नाहीत. पैशांचा व्यवहार याच फोनवरून होत असेल तर ही सोय चालू करून आधी आपलं बँकेचं ॲप उघडून बघा, आणि ते अडलं तर डेव्हलपर ऑप्शन लगेच बंद करा.