बदल केलेल्या पिकअपसाठी टॉर्क कन्व्हर्टर: नवा, रिबिल्ट की जास्त स्टॉलचा?

पुण्यात हायलक्स किंवा व्ही-क्रॉससारखी ऑटोमॅटिक डिझेल पिकअप घेऊन तिला मोठे टायर, लोखंडी बंपर आणि मागे कॅनॉपी बसवणारे आता पुष्कळ दिसतात. आठवडाभर हिंजवडीच्या कोंडीत आणि रविवारी ताम्हिणीच्या चढणीवर अशी गाडी चालली, की निघताना ती जड वाटते, गिअरबॉक्सचे तेल तापते आणि गाडीला वेगळा टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला पोचवणारा भाग, बसवावा का, हा प्रश्न पुढे येतो. कमी खर्चात हे काम करायचे असेल तर मुख्यतः तीन पर्याय आहेत: कंपनीचा नवा, आपलाच उघडून दुरुस्त केलेला म्हणजे रिबिल्ट, आणि बाहेरून मागवलेला जास्त स्टॉलचा, म्हणजे निघताना इंजिनाला जास्त फेऱ्यांपर्यंत चढू देणारा.

तुलनेआधी गाडी जड का झाली ते पाहावे. 265/65 आर 17 मापाच्या जागी 285/70 आर 17 टायर बसवले, तर व्यास सुमारे 776 मिलिमीटरवरून 831 मिलिमीटरवर जातो, म्हणजे चाकापाशी मिळणारी ओढ सुमारे सात टक्क्यांनी घटते. त्यात वाढलेले वजन मिळवले, की कन्व्हर्टरमधील इंजिनाकडचे पात्यांचे चाक म्हणजे इंपेलर आणि गिअरबॉक्सकडचे चाक म्हणजे टर्बाइन यांच्या वेगातील फरक जास्त वेळ टिकतो. या घसरणीत वाया गेलेली शक्ती तेलात उष्णता होऊन उतरते. या दोन्ही बाजू घट्ट जोडणारा लॉक-अप क्लच लागेपर्यंत हे चालूच राहते, आणि कोंडीतल्या रखडत्या वेगात तो क्लच क्वचितच लागतो.

जास्त स्टॉलच्या कन्व्हर्टरचे आकर्षण येथेच फसवे ठरते. पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून ब्रेकने चाके रोखून धरली असता इंजिन मिनिटाला ज्या फेऱ्यांपर्यंत चढते, तो स्टॉल स्पीड. ज्या पेट्रोल इंजिनाची ताकद वरच्या फेऱ्यांत आहे, त्याला हा आकडा वाढवून खरोखर फायदा होतो. ऑटोमॅटिक हायलक्सचे डिझेल इंजिन मात्र 500 न्यूटन-मीटर टॉर्क 1600 ते 2800 फेऱ्यांमध्येच देते. त्याला 2800 च्या आसपासचा स्टॉल देणे म्हणजे हाताशी असलेला टॉर्क सोडून तेल तापवणे होय. शिवाय विक्रेत्याने सांगितलेला आकडा कोणत्या इंजिनावर मोजला, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही, कारण स्टॉल हा ढोबळमानाने टॉर्कच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. रिमॅप करून, म्हणजे इंजिनाच्या संगणकाचे सॉफ्टवेअर बदलून, टॉर्क 20 टक्क्यांनी वाढवला असेल, तर मूळ कन्व्हर्टरचाच स्टॉल आपोआप नऊ-दहा टक्क्यांनी वर गेलेला असतो. घसरण अपेक्षेबाहेर गेली तर गिअरबॉक्सचा संगणक ती बिघाड समजून दिवा लावू शकतो, ही अडचण वेगळीच. परदेशातून मागवल्यास मालवाहतूक, सीमाशुल्क आणि जीएसटी यांमुळे स्वस्त दिसणारी किंमत स्वस्त राहत नाही.

कंपनीचा नवा कन्व्हर्टर निर्धोक आहे, परंतु महागही आहे. गाडी वॉरंटीत असेल, किंवा जुन्याचे कवच अथवा हब (गिअरबॉक्सच्या तेलपंपात शिरणारी मधली नळी) खराब झाले असेल, तर तोच घ्यावा. भंगारातून काढलेल्याचा विचार मी करणार नाही, कारण आत काय झाले आहे ते बाहेरून कळतच नाही.

उरतो रिबिल्ट, आणि बहुतेकांसाठी माझा कौल त्यालाच आहे, मात्र काम करणारा नीट पारखलेला हवा. चांगल्या कामात लेथवर वेल्ड कापून कन्व्हर्टर उघडतात, आतील भाग धुतात, लॉक-अपचे अस्तर, थ्रस्ट बेअरिंग आणि तेलाचा प्रवाह वळवणाऱ्या स्टेटरचा एकदिशा क्लच तपासून झिजलेले बदलतात, आतील सैलपणा ठरलेल्या मापात आणतात, पुन्हा वेल्ड करून गळतीची चाचणी घेतात, हबचा डगमग मोजतात आणि शेवटी बॅलन्सिंग करतात. नुसते धुऊन रंग लावलेल्या नगालाही बाजारात रिबिल्टच म्हणतात, म्हणून बिलावर बदललेल्या भागांची नावे आणि बॅलन्सिंगचा उल्लेख लिहून घ्यावा. रिमॅप केले असेल तर लॉक-अपचे अस्तर अधिक दमदार प्रतीचे मागावे. स्टॉल मूळ आकड्याजवळच ठेवण्यास सांगावे.

वाचलेल्या पैशांतून आधी गिअरबॉक्ससाठी स्वतंत्र ऑइल कूलर बसवावा. तेलाचे तापमान साधारण 80 ते 95 अंश सेल्सिअसमध्ये राहिलेले बरे. त्यापुढे दर दहा-अकरा अंशांना तेलाचे आयुष्य निम्मे होते, असा स्थूल नियम आहे. साताऱ्याकडे जाताना खंबाटकी चढणाऱ्या किंवा सामान भरून कोकणातून वर येणाऱ्या गाडीला स्टॉलच्या कोणत्याही आकड्यापेक्षा या कूलरचा उपयोग जास्त होतो. गिअरबॉक्समध्ये आधीच धातूचा चुरा झाला असेल, तर जुना कूलर आणि नळ्याही धुवाव्या किंवा बदलाव्यात. अन्यथा तोच चुरा नव्या कन्व्हर्टरमध्ये शिरतो.

कोटेशन मागताना कन्व्हर्टरच्या किमतीबरोबर पुढचे सील, पूर्ण तेल आणि गिअरबॉक्स उतरवण्या-चढवण्याची मजुरी धरली आहे का, ते विचारावे. केवळ पॅन रिकामा केल्याने बरेचसे जुने तेल कन्व्हर्टर आणि नळ्यांत राहून जाते, त्यामुळे तेलाचे प्रमाण नेहमीच्या सर्व्हिसपेक्षा जास्तच लागेल.

बसवताना कन्व्हर्टरमध्ये थोडे तेल ओतून तो फिरवत फिरवत पंपापर्यंत पूर्ण आत गेला आहे ना, हे मेकॅनिकने पाहायला हवे. गिअरबॉक्स इंजिनाला जोडल्यावर, बोल्ट आवळण्यापूर्वी, कन्व्हर्टर आणि इंजिनाकडची पातळ चकती म्हणजे फ्लेक्सप्लेट यांच्यामध्ये साधारण तीन मिलिमीटर फट असावी. नेमके माप त्या गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेत पाहावे. फट नसेल आणि बोल्टच्या जोराने गिअरबॉक्स ओढून बसवला, तर पंप पहिल्याच स्टार्टला फुटू शकतो.