इन्फ्रारेडसाठी फिल्टर की बदललेला कॅमेरा?

वांद्र्याच्या बँडस्टँडचे लाटांनी झिजवलेले काळे खडक इन्फ्रारेडमध्ये, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशात टिपायचे, तर स्वस्त मार्ग म्हणजे लेन्सवर ७२० नॅनोमीटरचा, जवळजवळ फक्त इन्फ्रारेड आत सोडणारा फिल्टर. पण सेन्सरपुढची काच इन्फ्रारेड अडवते, म्हणून भर उन्हातही एक्सपोजर कित्येक सेकंदांचं. ट्रायपॉड हवाच. फिल्टरमधून डोळ्याला जवळजवळ काहीच दिसत नाही, त्यामुळे फ्रेम आणि फोकस आधीच ठरवायचं. लाटांचं धुकं होतं; खडकांभोवती ते मला आवडतं.

कान्हेरीच्या लेण्यांना मात्र हाच फिल्टर रडवतो. वारा सुटला की पानं हलतात आणि इन्फ्रारेडमध्ये पांढऱ्या दिसणाऱ्या झाडीचा नुसता कापूस होतो. तिथे सेन्सरपुढची ती काच काढून घेतलेला कॅमेराच बरा: हातात धरून फोटो निघतो, बेसॉल्टच्या भेगा धारदार येतात. खर्च मोठा, आणि नेहमीचे रंगीत फोटो त्यातून सहज मिळत नाहीत. घरात जुना कॅमेरा पडून असेल तर तोच बदलून घ्यावा.

काही लेन्सवर मधोमध उजळ डाग येतो. फिल्टर असो वा बदललेला कॅमेरा, तो दोन्हीकडे छळतो.

अंधेरीच्या गिल्बर्ट हिलच्या उभ्या स्तंभांसाठी? फिल्टर चालेल. दगड कुठे हलतोय!