पायाखालची जिओग्रिड: माझा अनुभव

खोदकामात मऊ चिकणमाती लागली, तेव्हा राफ्ट पायाखाली (म्हणजे सगळ्या इमारतीखालच्या एकाच सलग काँक्रीटच्या पायाखाली) मी पहिल्यांदाच पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची, दोन्ही दिशांना ताण घेणारी जिओग्रिड, म्हणजे मजबूत जाळी, घातली. वापरून मनापासून समाधान वाटलं. खरी कमाल जाळी आणि खडी मिळून करतात: टोकदार खडी जाळीच्या डोळ्यांत अडकते, बाजूला सरकत नाही आणि भार रुंद जागेवर पसरतो. म्हणूनच खडी फोडलेली, लहानमोठी मिसळलेली हवी. नदीतले गोल गोटे टाकले तर पकडच बसत नाही. आम्ही १५० मिमीचे थर दाबत गेलो. दुसऱ्या थरावर रोलर फिरताना जमीन हलायची थांबली, ते पाहून जीव भांड्यात पडला!

त्रास एकच, गुंडाळी उलगडली की कडा वर उचलतात. खुंट्या ठोकाव्याच लागतात. जोडावर जाळी पुरेशी एकमेकींवर चढवा, आणि खडी पसरण्याआधी तिच्यावर यंत्र चढू देऊ नका. खालची माती खडीत घुसू नये म्हणून आम्ही तळाशी न विणलेलं जिओटेक्स्टाइल, म्हणजे मातीत घालायचं कृत्रिम धाग्यांचं कापडही अंथरलं.

फुगणाऱ्या मातीवर मात्र हा उपाय पुरेसा नाही. माती परीक्षण आधी कराच.